सायप्रसची रानफुलं: कधी, कुठे आणि कशी पाहावीत

सागरगोटा | ११ फेब्रुवारी

सायप्रसला कधी जावं, असं इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि उत्तर ठरलेलं असतं: जून ते सप्टेंबर, तेव्हा समुद्र छान असतो. समुद्र छान असतो यात वादच नाही. पण त्या महिन्यांत सगळं बेट उन्हाने करपलेलं असतं. परत गेलेली मंडळी मग सांगतात की सायप्रस म्हणजे नुसते पिवळे माळ आणि हॉटेलं. हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण त्याच माळांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं चुकवत पाऊल टाकावं लागतं. म्हणून हा धागा. जमेल तसं वर्षभर लिहीन, तुम्हीही भर घाला.

आम्ही लिमासोलला राहतो. जहाजांचा कारभार बघणाऱ्या बऱ्याच कंपन्या या शहरात आहेत, त्यामुळे मुंबई-कोकणातली मराठी घरंही आहेत. सुट्टीच्या दिवशी बाकीचे किनाऱ्यावर जातात, आमची गाडी डोंगराकडे वळते.

आधी इथल्या ऋतूंचं गणित सांगते. पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत अधूनमधून पडत राहतो. मे ते सप्टेंबर जवळपास कोरडे. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. त्यातही त्रोदोसचे डोंगर आपला वाटा जास्त उचलतात. पाणी असतं तेव्हा थंडी आणि ऊन असतं तेव्हा पाणी नाही, अशा कात्रीत इथल्या झाडांनी दोन मार्ग काढले. काही वर्षायू आहेत: पावसावर रुजायचं, मार्चमध्ये फुलायचं, मे उजाडायच्या आत बी टाकून मोकळं व्हायचं. बाकीची कंदवाली. ती उन्हाळाभर जमिनीखाली पडून राहतात आणि पहिल्या पावसाला जागी होतात. तुम्हाला जो वाळका माळ दिसतो, त्याच्या वीतभर खाली सगळी बाग असते.

आत्ता काय फुललंय ते लिहिते. लिमासोलच्या मागच्या टेकड्यांवर बदाम फुललेत, पण ती लावलेली झाडं, त्यांचं कौतुक इतर लोक करतातच. मला ओढ आहे ॲनिमोनची. पांढरी, फिकट जांभळी, गुलाबी, आणि मधोमध निळसर काळ्या पुंकेसरांचा दाट गोल. ऊन आलं की उघडतात, ढग आले की मिटतात, म्हणून सकाळी लवकर जाण्यात अर्थ नाही. प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीच्या प्रियकराचं, अडोनिसचं रक्त सांडलं तिथे हे फूल उगवलं, अशी जुनी ग्रीक कथा आहे. आणि ॲफ्रोडाइटी तर या बेटाचीच, पाफोसजवळच्या समुद्रातून वर आलेली.

दुसरं सायक्लामेन पर्सिकम. युरोपात हिवाळ्यात कुंडीतलं जे सायक्लामेन विकतात, त्याचा मूळ पूर्वज हाच. कुंडीतलं फूल मोठं आणि भडक. रानातलं लहान, फिक्या गुलाबी रंगाचं, पाकळ्या मागे वळलेल्या, तोंडाशी गडद किरमिजी ठिपका. आणि त्याला वास आहे, जो बाजारातल्या बऱ्याच जातींमधून निघून गेलाय. खडकाच्या फटीत चिमूटभर माती असली तरी त्याचं भागतं. फूल नसेल तेव्हा पानं बघावीत: गडद हिरव्यावर रुपेरी नक्षी, आणि दोन झाडांची नक्षी सहसा जुळत नाही.

रस्त्याच्या कडेला, ऑलिव्हच्या बागांखाली सगळीकडे जो झगझगीत पिवळा रंग दिसतो तो ऑक्झॅलिसचा. दिसायला सुरेख, पण ते इथलं नाही, दक्षिण आफ्रिकेच्या केपहून आलेलं. आपल्या आंबुशीचं नातलग, चवही तशीच आंबट. जिथे ते पसरतं तिथे इथल्या लहान फुलांना जागा उरत नाही. नवीन माणूस सगळ्यात आधी त्याचेच फोटो काढतो. जरूर काढा, पण तिथेच थांबू नका.

---

भटकभवानी | ११ फेब्रुवारी

ताई, धागा वाचून जीव खाली-वर झाला. आमची ऑगस्टची तिकिटं काढून झालीयेत, मुलांच्या शाळेमुळे दुसरं काही शक्यच नव्हतं. आम्हाला काहीच दिसणार नाही का?

---

सागरगोटा | १२ फेब्रुवारी

भटकभवानी, दिसेल, आणि जे दिसेल ते मार्चमध्ये येणाऱ्यांना दिसणार नाही. ऑगस्टमध्ये वाळूच्या किनाऱ्यांवर पॅन्क्रॅशियम फुलतं. सगळं वाळलेलं असताना कोरड्या वाळूतून थेट पांढरीशुभ्र, मोठी फुलं वर येतात, संध्याकाळी वास सुटतो. बेटाच्या पश्चिम टोकाला अकामस नावाचं द्वीपकल्प आहे, तिथल्या लारा किनाऱ्याकडे जा. तिथे समुद्री कासवंही अंडी घालतात, त्यामुळे मुलांना दोन्ही मिळेल. आपल्या वेळासला जसे कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण करून राखण ठेवतात, तशा इथे घरट्यांवर जाळ्या ठेवलेल्या असतात. छत्र्या रोवायच्या नाहीत, गाडी वाळूवर न्यायची नाही.

---

दगडफूल | १३ फेब्रुवारी

सुंदर धागा. मी साताऱ्याकडचा, वनस्पतीशास्त्र शिकवतो, पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन कासला जाणं ठरलेलं. सागरगोटा ताईंनी जे गणित मांडलंय त्याला थोडी पुस्ती जोडतो.

कासला जांभ्याच्या कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की मोठं झाड उभंच राहू शकत नाही. म्हणून तिथे लहान, घाईने आयुष्य उरकणाऱ्या जातींचं राज्य: सीतेची आसवं, गेंद, तेरडा. सोबतीला कंदवाल्या. पाणी ओसरलं की सगळं दोन महिन्यांत आटोपतं. भूमध्य समुद्राच्या बेटांवरही तोच नियम, फक्त टांगती तलवार उन्हाळ्याची. म्हणजे वनस्पतींची कुळं वेगळी, खंड वेगळा, पण अडचण एक असली की उपाय सारखेच निघतात.

काही वेळा तर कुळही एकच असतं. तुम्ही म्हणता त्या पॅन्क्रॅशियमच्या दोन-तीन जाती महाराष्ट्रातही आहेत. त्यांतली एक जूनच्या पहिल्या सरींवर सह्याद्रीच्या पठारांवर गवतातून वर येते. फूल लहान, पण ठेवण तीच. सायप्रसला समुद्रकांदाही असेलच? त्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे आपला रानकांदा, काही भागात कोळकांदा म्हणतात. पान एक नाही आणि मेच्या कोरड्या जमिनीतून दांडा सरळ वर आलेला, हे आपल्याकडच्या माळांवर पाहिलंय मी.

---

सागरगोटा | १३ फेब्रुवारी

दगडफूल सर, आहे की! इथे तो ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर फुलतो. पुरुषभर उंचीच्या जवळ जाणारा दांडा, त्यावर खालून वर उमलत जाणारी शेकडो पांढरी फुलं, आणि पान एकही नाही. पानं येतात पाऊस पडल्यावर. कांदा नारळाएवढा सुद्धा होतो, अर्धा जमिनीबाहेर. ग्रीसमध्ये, विशेषतः क्रीट बेटावर, तो नववर्षाला दारावर टांगतात, कारण उपटून टांगला तरी त्याला कोंब फुटत राहतो. जगण्याची एवढी चिवट हौस घरात यावी म्हणून.

---

काढा_आणि_लेप | १५ फेब्रुवारी

रानकांद्यावरून आठवलं म्हणून लिहितो. खोकल्याच्या औषधात परदेशी समुद्रकांदा वापरत आणि त्याला पर्याय म्हणून आपला रानकांदा चालायचा, अशी नोंद जुन्या औषधकोशांत आहे. पण कृपया कुणी घरी प्रयोग करू नका. दोन्ही विषारी आहेत, हृदयावर थेट परिणाम होतो. भूमध्य भागात लाल जातीच्या समुद्रकांद्याचा उपयोग उंदीर मारायला करत, यावरून काय ते समजा.

---

खडूफळा | १६ फेब्रुवारी

वाचतेय. फार छान माहिती मिळतेय सगळ्यांकडून. फोटो दिसत नाहीयेत मात्र, पुन्हा टाकाल का? आणि ऑर्किडबद्दल लिहा ना ताई. भूमध्य समुद्राकडची ऑर्किड मधमाशीसारखी दिसतात म्हणे?

---

सागरगोटा | १९ मार्च

माफ करा मंडळी, महिनाभर इकडे फिरकले नाही, कारण हाच महिना बाहेर राहायचा. आता सविस्तर.

ऑर्किड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडाच्या फांदीवर लटकलेली सीतेची वेणी येते. इथली ऑर्किड जमिनीतली, बहुतेक वीतभर उंचीची, आणि पाय जपून टाकला नाही तर तुडवली जातील अशी. पहिलं एक सापडेपर्यंत वेळ लागतो. ते सापडलं की गुडघे टेकून बसायचं आणि आजूबाजूला नजर फिरवायची. त्याच पाच-सहा हातांत आणखी निघतात.

या आठवड्यात मला *ओफ्रिस कोत्शी* भेटलं, जे जगात फक्त सायप्रसमध्ये आहे. बाहेरच्या तीन पाकळ्या हिरवट, आणि खालची पाकळी जवळजवळ काळी, फुगीर, मखमली. तिच्या कडेला दाट लव, आणि पाठीवर पांढऱ्या रेघांनी आखलेली निळसर-तपकिरी नक्षी. भिंगातून पाहिलं तर ती नक्षी चकचकीत आहे आणि बाकीचा भाग निस्तेज. ऊन पडलं की तेवढाच भाग चमकतो. वर, जिथे माशीचं डोकं असावं तिथे, दोन चमकदार ठिपके आहेत. एका दांड्यावर अशी तीन-चार फुलं होती, सगळ्यात खालचं सुकायला लागलेलं, सगळ्यात वरचं अजून कळीत. तासभर तिथे बसले, पण एकही माशी आली नाही. बहुतेक फुलांच्या नशिबी हेच असतं.

त्याच उतारावर ॲस्फोडेलचे उंच तुरे होते. ते दिसले की समजावं, इथे शेळ्या चरून गेल्यात. बाकीचं खाल्लं जातं, याला त्या तोंड लावत नाहीत.

---

दगडफूल | १९ मार्च

खडूफळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. दिसणं हा त्यातला लहान भाग. खरं काम वासाचं आहे. एका ठरावीक जातीच्या रानटी मधमाशीची मादी जो वास सोडते, जवळपास तसाच वास हे फूल तयार करतं. बहुतेक नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात आणि मादीच्या शोधात असतात. नर फुलावर उतरतो, ती लव त्याला मादीच्या पाठीसारखी लागते, तो मिलनाचा प्रयत्न करतो आणि त्या धडपडीत परागकणांच्या दोन पिवळ्या गोळ्या त्याच्या अंगाला चिकटतात. पुढच्या फुलावर पुन्हा फसला की परागीभवन झालं. त्याला मध नाही, पराग नाही, काहीच मिळत नाही. प्रत्येक ओफ्रिसचा गिऱ्हाईक बहुधा एकाच जातीची माशी असते, त्यामुळे ती माशी गेली की फूलही धोक्यात.

हे पहिल्यांदा नीट मांडलं अल्जेरियातल्या पूयान नावाच्या एका न्यायाधीशाने, १९१६ मध्ये. पेशाने न्यायाधीश, छंद ऑर्किडचा, वर्षानुवर्षं रानात बसून त्याने हे पाहिलं होतं. सुरुवातीला फार कुणी विश्वास ठेवला नाही.

---

रानमेवा | २० मार्च

किती सुंदर! ताई, पुढच्या महिन्यात माझी बहीण सायप्रसहून येतेय. तिच्याबरोबर एखाद-दुसरा कंद पाठवता येईल का? माझ्याकडे महाबळेश्वरला जागा आहे, थंड हवा आहे, जगेल असं वाटतं.

---

सागरगोटा | २० मार्च

रानमेवा, तुमची हौस समजते, पण नाही पाठवणार, आणि बहिणीलाही घेऊ देऊ नका. इथली दुर्मीळ फुलं कायद्याने संरक्षित आहेत, हे तर झालंच. शिवाय ते ऑर्किड तुमच्याकडे जगणार नाही. त्याचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. जमिनीतल्या विशिष्ट बुरशीने पोसलं तरच ते रुजतं, आणि मोठं झाल्यावरही त्याचा त्या मातीशी संबंध सुटत नाही. महाबळेश्वरच्या पावसात तर कंद जुलैपर्यंत कुजेल, कारण जुलै हा त्याच्या कोरड्या झोपेचा महिना.

---

काढा_आणि_लेप | २१ मार्च

ताईंशी पूर्ण सहमत, आणि यात आपलाही एक धागा गुंतलेला आहे. हिवाळ्यातल्या पौष्टिक लाडवात आणि पाकात आपण जी सालममिश्री घालतो, ती म्हणजे ऑर्किडचे वाळवलेले कंद. इराण-अफगाणिस्तानकडून पिढ्यान्‌पिढ्या येत आलेत. तुर्कस्तान, ग्रीस, सायप्रस या भागात त्याच पुडीचं गरम पेय हिवाळ्यात गाड्यांवर विकतात. एक वाटी पूड करायला किती कंद उपटावे लागत असतील याचा विचार करा, आणि कंद उपटला की झाड संपलं. मी माझ्या रुग्णांना हल्ली सालमऐवजी दुसरं काही सुचवतो.

---

खडूफळा | २१ मार्च

हे माहीतच नव्हतं! आमच्याकडे आजी दरवर्षी सालम आणायला सांगायची. यंदापासून बंद.

---

सागरगोटा | २८ मार्च

ट्युलिप! यंदा वेळेवर गाठता आलं. *तुलिपा सिप्रिया*, हेही फक्त याच बेटावरचं. हॉलंडच्या वाफ्यांतलं ट्युलिप डोळ्यांसमोर आणू नका. हे गडद रक्तवर्णी, काळ्याकडे झुकणारं, आणि आत डोकावलं की बुडाशी काळा डाग, त्याला पिवळसर कडा. पाफोसच्या बाजूला पोलेमी गावाच्या शिवारात आणि अकामसच्या माळांवर येतं. पोलेमीत मार्चमध्ये याचा उत्सवही भरतो. गावातली म्हातारी माणसं बांधावर उभी राहून पाहुण्यांना फुलं दाखवतात, कुणी तोडायला वाकलं की लगेच हाक मारतात. गावाला फुलाचा अभिमान वाटायला लागला की अर्धं काम होतं, असं मला वाटतं.

येताना रस्त्याकडेला पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीवर्गी फुलांचे ताटवे, मध्ये खसखशीची लाल रानफुलं, आणि रॅननक्युलस. तोही फुलवाल्यांकडच्या पुष्कळ पाकळ्यांच्या रॅननक्युलसचा रानटी पूर्वज. इथे तो बहुधा पांढरा किंवा पिवळा, कधी कडेला गुलाबी झाक.

घरी येताना मंडईतून स्त्रूथियाच्या जुड्या आणल्या. रानभाजी आहे, कोवळी पानं परतून वर अंडी फोडून खातात. रानातल्या शतावरीच्या कोंबांचंही असंच करतात. आपल्याकडे शेवळं-टाकळा येतो तेव्हा बाजारात जी लगबग असते, तीच इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये.

---

रोखठोक | २९ मार्च

सगळं छान आहे, पण एक प्रश्न. अकामसचं नाव वारंवार येतंय. तिथल्या गावकऱ्यांना त्यांच्याच जमिनीवर घर-हॉटेल बांधू देत नाहीत असं वाचलं होतं. आपल्याकडे पश्चिम घाटात गाडगीळ समितीच्या अहवालानंतर हेच झालं. शहरातल्या लोकांना फुलं बघायला मिळावीत म्हणून गावातल्या माणसाने गरीब राहायचं का?

---

सागरगोटा | ३० मार्च

रोखठोक, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो इथे गेली कित्येक वर्षं धगधगतोय. अकामसला राष्ट्रीय उद्यान करायची चर्चा १९८० च्या दशकापासून चालू आहे. इनिया, द्रूशिया अशा गावांतल्या लोकांचं म्हणणं असं की किनाऱ्यावरच्या बाकी गावांनी जमिनी विकून बंगले बांधले, पैसा केला, आणि आम्ही राखलं म्हणून आम्हालाच शिक्षा. त्यांचा राग खोटा नाही.

पण मी दुसरी बाजूही मांडते. अकामसच्या घळींमधल्या चुनखडीच्या उभ्या कड्यांवर *सेंतोरेया अकामांतिस* नावाचं जांभळं फूल लोंबतं. जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि असलेली झाडं मोजकी. त्या कड्याशेजारी रस्ता रुंद केला, दगड ढासळला, तर ते पृथ्वीवरून गेलं. हॉटेल दहा किलोमीटर अलीकडे बांधता येतं, फुलाला दुसरा कडा देता येत नाही. म्हणून जमिनीचा मोबदला गावाला मिळालाच पाहिजे, आणि तो फुलं बघायला येणाऱ्या आमच्यासारख्यांकडून, करांतून मिळाला पाहिजे. आम्ही अकामसला गेलो की जेवतो-राहतो गावातच.

---

दगडफूल | ३० मार्च

कासला हाच अनुभव. प्रवेश शुल्क आणि मार्गदर्शकांची कामं आजूबाजूच्या गावांकडे आली, तेव्हा लोक स्वतःहून राखायला लागले. कुंपणाबद्दल मात्र मतभेद आहेत. गुरं चरणं थांबलं की गवत माजतं आणि लहान फुलं दबतात, असं आमच्यातले बरेच जण मानतात. माझंही मत तेच. माणूस पूर्ण बाहेर काढणं हा उपाय नेहमीच बरोबर नसतो.

---

लेफ्कोसियाकर | २ एप्रिल

मी निकोशियात शिकतो. सरांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. इथे १९७४ पासून बेटाचे दोन भाग झालेत आणि मधून सुमारे १८० किलोमीटर लांबीचा, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला पट्टा जातो. काही ठिकाणी तो काही मीटरच रुंद आहे, काही ठिकाणी काही किलोमीटर. आतली कित्येक गावं तेव्हापासून ओस पडलेली. माणूस नाही, त्यामुळे तिथे इथली रानमेंढी, मुफ्लॉन, मोकळी फिरते, आणि ताईंनी लिहिलेलं काळं ऑर्किड आणि ट्युलिपही त्या पट्ट्यात सापडलंय. दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी तिथे एकत्र नोंदी केल्यात. मला ते वाचून आनंद आणि त्रास दोन्ही झाले, कारण ज्यांची घरं त्या गावांत होती ती माणसं अजून इथे, माझ्या गल्लीत राहतात.

फोटो काढायला कुणी त्या पट्ट्याजवळ जाऊ नका, प्रवेशबंदी आहे.

---

नाखवा | ४ एप्रिल

धाग्यावर उशिरा आलो. बरीच वर्षं जहाजावर काढली, लिमासोलच्या नांगरवाड्यात अनेकदा थांबलोय. आम्हाला बेट दिसायचं ते समुद्रातून: पांढरे कडे आणि मागे डोंगर. आज कळतंय की त्या कड्यांवर काय काय होतं. ताई, डोंगराच्या माथ्यावर फुलं असतात का? आम्हाला तिथे मार्चमध्येही बर्फ दिसायचा.

---

सागरगोटा | ९ जून

नाखवा काका, तुमच्या प्रश्नाला मुद्दाम थांबून उत्तर देतेय, कारण वरची फुलं आत्ता आलीत.

त्रोदोसचं सर्वोच्च शिखर १,९५२ मीटर. वसंत फेब्रुवारीत समुद्राकाठी सुरू होतो आणि हळूहळू डोंगर चढत जूनमध्ये माथ्यावर पोचतो. तुम्हाला दिसायचा तो बर्फ वितळताना त्याच्या कडेलाच *क्रोकस सिप्रियस* फुलतं, फिकट जांभळं, केशराच्या जातकुळीतलं. एप्रिल-मेमध्ये मधल्या उंचीवर सिस्टस. नुकत्याच उलगडलेल्या सुती साडीसारख्या चुरगळलेल्या गुलाबी पाकळ्या, आणि एक फूल एकच दिवस टिकतं. त्याच्या पानांना चिकट, सुवासिक डिंक सुटतो. पूर्वी शेळ्या झुडुपांतून चरून आल्या की त्यांच्या दाढीला लागलेला डिंक विंचरून काढत. तो अत्तरात पडतो. १९१७ मध्ये फ्रान्समध्ये कोटी नावाच्या अत्तरकाराने या बेटाच्या नावाचं जे अत्तर काढलं आणि पुढे अत्तरांचा एक सबंध घाट ज्यावरून ओळखला जाऊ लागला, त्यात हा डिंक मुख्य होता.

आणि आत्ता माथ्यावर काळ्या पाइनच्या खाली *अलिसम त्रोदी* पिवळं झालंय. ही जागा विलक्षण आहे. त्रोदोस म्हणजे साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ, वर उचलला गेलेला. माथ्यावरचा खडक तर त्याहूनही खालचा, पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या थरातला. त्यात निकेल भरपूर, कॅल्शियम कमी, म्हणजे बहुतेक झाडांना विषच. अलिसम ते निकेल मुळातून उचलून पानांत साठवतं. दुसरी झाडं टिकत नाहीत म्हणून तिथे स्पर्धा कमी, आणि म्हणूनच बेटावरच्या खास जातींपैकी किती तरी या माथ्यावर एकवटल्यात.

---

नाखवा | १० जून

ताई, मनापासून आभार. समुद्राचा तळ डोंगराच्या माथ्यावर, हे वाचून बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

---

भटकभवानी | २३ ऑगस्ट

आलो आम्ही! लारा किनाऱ्यावर पॅन्क्रॅशियम भरपूर दिसलं. धाकट्याने वाळूत पडलेलं काळं बी उचललं. कोळशाच्या तुकड्यासारखं दिसतं, हातात वजनच लागत नाही. पाण्यात टाकून पाहिलं तर तरंगलं. मग सगळं बी परत वाळूत ठेवून आलो. रस्त्याच्या कडेला केपरची झुडुपंही दिसली, फुलातून जांभळ्या केसरांचा झुबका बाहेर आलेला. समुद्रकांदा एक-दोन ठिकाणी उमलायला लागला होता. ऑगस्टमध्ये एवढं मिळालं, मार्चमध्ये काय असेल! परत येणार, नक्की.

---

सागरगोटा | ४ नोव्हेंबर

पाऊस आला. गेल्या आठवड्यात त्रोदोसच्या पायथ्याशी एका ओढ्याकाठी *सायक्लामेन सिप्रियम* पाहिलं, या देशाचं राष्ट्रीय फूल. पांढरं, तोंडाशी किरमिजी खुणा, वास गोड. फळ धरलं की याचा देठ स्प्रिंगसारखी गुंडाळी करत जमिनीशी येतो आणि बी तिथे ठेवतो. बियांवर गोड चिकट थर असतो, त्यासाठी मुंग्या ते वाहून नेतात आणि नवीन जागी रुजवतात. फेब्रुवारीत लिहिलं त्या पर्सिकमला ही गुंडाळी जमत नाही. त्या सगळ्या प्रजातीत तेच एक वेगळं.

माथ्यावर *कोल्चिकम त्रोदी* संपत आलंय.

---

दगडफूल | ४ नोव्हेंबर

कोल्चिकम म्हणजे आपल्या कळलावीच्या कुळातलं. दोन्हींत कोल्चिसिन असतं, गाउट या सांधेदुखीवर देतात तेच. विषारी आहे, मुलांना हात लावू देऊ नका.

---

खडूफळा | ५ नोव्हेंबर

यंदा आम्ही मैत्रिणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतोय, तुमचा धागा वाचूनच ठरवलं. ऑर्किड आणि ट्युलिपच्या नेमक्या जागा सांगाल का?

---

सागरगोटा | ५ नोव्हेंबर

नेमक्या जागा उघड्यावर लिहिणार नाही, कंद खणणारे लोकही वाचतात. पण वाट सांगते. एक रात्र लिमासोलला राहा आणि अक्रोतिरीच्या पर्यावरण केंद्रात चौकशी करा, तिथली माणसं त्या आठवड्यात काय फुललंय ते सांगतात. मग दोन-तीन रात्री द्रूशिया किंवा निओ खोरिओ गावात. पोलेमी तिथून जवळ आहे. गाडी भाड्याने घ्या, इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. दर थोड्या अंतरावर थांबा, कारण चालत्या गाडीतून ऑर्किड दिसत नाही. घोट्यापर्यंतचे बूट घाला, ऊन तापायला लागलं की दगडांत साप असतात. पाऊस उशिरा आला तर सगळं आठवडाभर पुढे सरकतं, तेव्हा निघायच्या आधी मला इथे विचारा. मी त्या आठवड्यात बाहेर जाऊन बघून सांगते.